एंजिनच्या पाण्यात अडकलेली हवा : ट्रॅक्टर का तापतो व हवा कशी काढावी

मृगाचा पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला, की पेरणीस हाती असणारे दिवस मोजकेच असतात. अशा वेळी तासभर चाललेला ट्रॅक्टर अचानक तापू लागतो, रेडिएटरच्या तोंडातून वाफ व पाणी उसळते आणि काम थांबते. रेडिएटर नुकताच धुऊन आणलेला असतो, पाणी काठोकाठ भरलेले असते, कोठे गळतीही दिसत नाही. मालक पाण्याची आणखी एक बादली ओततो. पुन्हा अर्ध्या तासात तोच प्रकार. शेवटी कोणी रेडिएटरला दोष देतो, कोणी पंपाला, तर कोणी थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याचा सल्ला देतो. वस्तुतः अशा कित्येक प्रसंगी दोष असतो तो पाण्याच्या वाटेत कोंडलेल्या हवेचा. ही हवा बाहेर काढण्यास खर्च काहीच येत नाही; लागतो तो थोडा वेळ, थोडी समजूत आणि पुष्कळसा धीर. तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास मात्र एंजिनचे हेड वाकते किंवा त्यास तडा जातो, गॅस्केट जळते, पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो, आणि पेरणीचा हंगाम दुरुस्तीच्या कारखान्यात घालवावा लागतो.

प्रारंभीच एक खुलासा करणे जरूर आहे. ‘ट्रॅक्टरने हवा घेतली’ असे खेड्यातील चालक ज्या वेळी म्हणतात, त्या वेळी त्यांच्या मनात बहुधा डिझेलच्या नळीत शिरलेली हवा असते. तिच्यामुळे एंजिन चालू होत नाही अगर चालता चालता बंद पडते. येथे ज्या हवेचा विचार करावयाचा आहे ती निराळी. ती एंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या मार्गात अडकते आणि एंजिन बंद न पाडता त्यास आतून भाजून काढते.

पाण्याचे कार्य

डिझेल जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिच्यापैकी स्थूलमानाने एकतृतीयांश उष्णतेचेच उपयुक्त कामात रूपांतर होते. तितकीच धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेल्या उष्णतेचा बराच मोठा भाग पाण्याच्या द्वारे बाहेर न्यावा लागतो. सिलिंडरमध्ये जळणाऱ्या वायूंचे तपमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. लोखंडाचे हेड व सिलिंडर या आचेत टिकून राहतात याचे कारण एवढेच, की त्यांच्या पाठीमागून पाणी अखंड वाहत असते.

हे पाणी एका ठराविक वाटेने फिरते. रेडिएटरच्या खालच्या टाकीतून ते खालच्या रबरी नळीने पाण्याच्या पंपात येते. पंप ते सिलिंडरभोवतालच्या पोकळीत व तेथून वर हेडमध्ये ढकलतो. हेडमधून बाहेर पडताना वाटेवर थर्मोस्टॅट नावाची झडप असते. एंजिन थंड असताना ही झडप मिटलेली असते व पाणी आखूड वाटेने पुन्हा पंपाकडे वळते. पाणी सुमारे ८० अंशांच्या पुढे तापले की झडपेच्या आतील मेण वितळून फुगते, झडप उघडते, आणि गरम पाणी वरच्या नळीने रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांमधून खाली उतरताना पंख्याच्या वाऱ्याने ते थंड होते व पुन्हा फेरा सुरू होतो.

रेडिएटरचे झाकण हेही एक महत्त्वाचे यंत्र आहे. त्यास दोन झडपा असतात. एक झडप आतील दाब ठराविक मर्यादेपर्यंत टिकवून धरते. दाबाखालील पाणी उशिरा उकळते. समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळणारे पाणी दर चौरस सेंटीमीटरला एक किलोग्रॅम जादा दाब असता सुमारे १२० अंशांवर उकळते. उलट उंच प्रदेशात, जेथे वातावरणाचा दाब कमी, तेथे उघड्या भांड्यातील पाणी लवकर उकळते. महाबळेश्वरी, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, ते ९५ ते ९६ अंशांवरच उकळू लागते. घाटमाथ्यावरील गावी ढिले झाकण अधिक बाधते याचे कारण हेच. झाकणाची दुसरी झडप एंजिन थंड होताना उघडते आणि आकुंचन पावलेल्या पाण्याची जागा भरून काढण्यासाठी शेजारच्या बाटलीतील पाणी आत घेते.

हवा काय करते

विहिरीवरील पंपाचा अनुभव प्रत्येक बागाईतदारास आहे. पंपात पाणी भरल्याशिवाय तो विहिरीचे पाणी उचलत नाही. शोषण नळीला बारीकसे छिद्र पडले तरी पंप हवा धरतो आणि मोटर फिरत असूनही नळातून पाणी येत नाही. एंजिनवरील पाण्याचा पंप याच जातीचा, म्हणजे फिरत्या पात्यांचा असतो. पाती पाण्याला बाहेर फेकतात. हवा मात्र वजनाने अतिशय हलकी असल्यामुळे पात्यांना तिच्यावर जोर धरता येत नाही. पंपाच्या पोटात पुरेशी हवा साठली म्हणजे पट्टा फिरतो, पंप फिरतो, परंतु पाणी जागचे हलत नाही.

हवेचा दुसरा दोष उष्णता वाहून नेण्यासंबंधीचा आहे. तितक्याच आकारमानाचे पाणी हवेच्या मानाने सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेऊ शकते. यास्तव हेडमध्ये ज्या ठिकाणी हवेचा फुगा बसला असेल, तेथील लोखंडाची उष्णता नेणारा कोणीच उरत नाही. तो भाग तापतो, त्याच्या कडेचे पाणी उकळते, वाफ होते आणि फुगा आणखी मोठा होतो. एक लिटर पाण्याची उघड्यावर सुमारे १,६७० लिटर वाफ होते. ही वाफच रेडिएटरमधील पाणी बाहेर लोटून देते, आणि पाहणाऱ्यास मात्र वाटते की पाणी जास्त भरले होते.

तिसरा दोष सर्वांत फसवा आहे. पाण्याची उष्णता दाखविणाऱ्या काट्याचा संवेदक हेडजवळ किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ बसविलेला असतो. तो पाण्यात बुडालेला असेल तरच काटा खरे सांगतो. संवेदकाभोवती हवा असली, तर हेड भाजून निघत असतानाही काटा हिरव्या पट्ट्यातच राहू शकतो. मग वाफेचा लोट आला की एकदम लाल पट्ट्यात उडी घेतो. काटा असा वरखाली नाचू लागला, तर काटा बिघडला असे लगेच ठरवू नये. प्रथम हवेचा संशय घ्यावा.

हवा शिरते कोठून

हवा पाण्यात शिरण्याच्या वाटा पुढीलप्रमाणे आहेत.

(१) घाईने पाणी भरणे. दुरुस्तीसाठी पाणी काढून टाकल्यावर एंजिनच्या पोकळ्यांत हवाच असते. वरून बादलीने भडाभड पाणी ओतले, तर आतील हवेला बाहेर येण्यास वाट मिळत नाही. थर्मोस्टॅट मिटलेला असतो. त्यामुळे हेडमधील हवा त्याच्या खाली कोंडून राहते. रेडिएटर भरलेला दिसतो, एंजिन मात्र अर्धे रिकामे असते.

(२) पाण्यात विरघळलेली हवा. साध्या थंड पाण्यात लिटरमागे सुमारे १७ ते १९ घन सेंटीमीटर हवा विरघळलेली असते. पाणी तापले की ती बुडबुड्यांच्या रूपाने सुटते. चुलीवरील पातेल्याच्या तळाशी उकळण्याच्या पुष्कळ आधी जे बारीक बुडबुडे दिसतात, ते हेच. दहा लिटर पाणी मावणाऱ्या एंजिनात अशी हवा दीड ते दोन दशांश लिटर निघते. म्हणूनच कितीही काळजीने पाणी भरले, तरी पहिल्या फेऱ्यानंतर पातळी पुन्हा पाहावीच लागते.

(३) बाटली रिकामी राहणे. दहा लिटर पाणी २५ अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापले की सुमारे तीन दशांश लिटरने फुगते. हे वाढलेले पाणी झाकणातून बाटलीत जाते व रात्री एंजिन थंड झाले की परत ओढले जाते. बाटली कोरडी असेल, तिची नळी तुटली असेल किंवा झाकणाचे रबर कडक झाले असेल, तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. रोज थोडी थोडी हवा शिरून आठ-पंधरा दिवसांत एंजिन तापू लागते.

(४) खालच्या नळीचे सैल बंध. खालच्या नळीतून पंप पाणी ओढीत असतो. या बाजूस बारीक फट असल्यास पंप चालू असताना तेथून पाणी गळण्याऐवजी हवा आत जाऊ शकते. म्हणून ही गळती चालू एंजिनात दिसत नाही. सकाळी थंड एंजिनाखाली जमिनीवर ओल दिसते. पंपाच्या दांड्याचे सील झिजल्यासही असेच होते.

(५) हेडचे गॅस्केट फुटणे. या वेळी आत शिरणारी वस्तू हवा नसून जळालेला वायू असतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

लक्षणे

काटा वरखाली होणे. एंजिन चालू करताच किंवा बंद केल्यावर नळ्यांतून गुडगुड असा आवाज येणे. पाणी भरून थोडा वेळ चालविल्यावर पातळी एकदम खाली जाणे. आणि एंजिन तापलेले असूनही रेडिएटरचा खालचा भाग थंडगार राहणे, ही हवा अडकल्याची मुख्य लक्षणे होत. मालवाहू गाडी किंवा जीप यांच्या बाबतीत आणखी एक खूण मिळते : एंजिन गरम असूनही आतील हीटरमधून थंड वारा येतो, कारण हीटरची नळी उंचावर असल्यामुळे हवा तेथे जाऊन बसते.

तथापि, ट्रॅक्टर तापला की हवाच अडकली असे धरून चालू नये. प्रथम साधी कारणे तपासावीत. मळणीच्या दिवसांत सोयाबीन, तूर किंवा गहू यांचा भुसा रेडिएटरच्या जाळीत बसून वाऱ्याची वाट बंद करतो. पंख्याचा पट्टा सैल असल्यास पंखा व पंप दोन्ही मंद फिरतात. पाण्याची पातळी, एंजिनमधील तेल आणि जाळी ही तिन्ही पाहून ती ठीक आढळल्यावरच हवेकडे वळावे. ज्या ट्रॅक्टरांची एंजिने पाण्याऐवजी वाऱ्याने थंड होतात, त्यांना हा लेख लागू नाही, हे उघडच आहे.

हवा काढण्याची रीत

एंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखाली १०० अंशांच्या वर असलेले पाणी झाकण सैल होताच क्षणात उसळून वाफ होते आणि चेहरा, डोळे व हात भाजतात. वरची नळी हाताने दाबून पाहावी. ती गरम व ताठ असल्यास थांबावे. थंड झाल्यावरही झाकणावर जाड फडके टाकून, तोंड बाजूला वळवून, ते आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे व आतील दाब गेल्याची खात्री करून मगच काढावे.

(१) ट्रॅक्टर उघड्यावर उभा करावा. बंद छपरीत एंजिन बराच वेळ चालवू नये. धुरातील विषारी वायूने माणसाचा प्राण जाऊ शकतो. ट्रॅक्टरचे तोंड किंचित चढावर असावे, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच येईल व हवा आपोआप तिकडे सरकेल. जागचा ब्रेक लावून मागील चाकांना दगडाची ओट लावावी व गिअर मोकळा ठेवावा.

(२) सर्व नळ्या, त्यांचे पट्टे व पाणी सोडण्याच्या तोट्या तपासून घट्ट कराव्यात. फुगलेली, चिरलेली किंवा मऊ पडलेली नळी बदलावी. हवा शिरण्याची वाट बंद केल्याशिवाय हवा काढण्याचे श्रम करणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

(३) काही एंजिनांवर थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा हेडच्या उंच भागावर हवा सोडण्याचा लहान स्क्रू असतो. यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत त्याची जागा दाखविलेली असते. तो दोन-तीन आटे सैल करावा. स्क्रू नसेल, तर थर्मोस्टॅटच्या बाजूचे वरच्या नळीचे टोक किंचित सैल करून तेच काम साधते.

(४) आता पाणी अथवा कूलंट बारीक धारेने, थांबत थांबत ओतावे. मधून मधून वरची व खालची नळी हाताने दाबून सोडावी. प्रत्येक दाबासरशी बुडबुडे वर येतील व पातळी उतरेल. स्क्रूमधून प्रथम हवा, मग फेसाळ पाणी आणि शेवटी बुडबुडा नसलेली अखंड धार येऊ लागली, की स्क्रू बंद करावा. या कामात घाई केल्यास पुढील सर्व श्रम वाया जातात.

(५) झाकण उघडेच ठेवून एंजिन चालू करावे व मंद गतीवर फिरू द्यावे. जीप किंवा मालवाहू गाडी असल्यास हीटरची कळ पूर्ण गरम बाजूस ठेवावी, म्हणजे त्या नळीतील हवाही निघेल. सदऱ्याची बाही, उपरण्याचे टोक, पदर अगर हात पंख्यापासून दूर ठेवावा. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.

(६) दहा ते वीस मिनिटांत थर्मोस्टॅट उघडतो. त्याची खूण अशी, की आतापर्यंत कोमट असलेली वरची नळी एकदम गरम होते आणि रेडिएटरच्या तोंडाशी असलेले पाणी झपकन खाली जाते. कोंडलेली हवा सुटली याचे हे चिन्ह होय. येथे पुष्कळ जण चूक करतात. पाणी भरले, एंजिन चालू झाले, आता काम संपले असे समजून थर्मोस्टॅट उघडण्याच्या आधीच झाकण लावतात. खरी हवा त्यानंतर निघते. या वेळी तोंडावर वाकून पाहू नये, कारण हवेबरोबर गरम पाणी उडण्याचा संभव असतो. एंजिन चालू ठेवूनच थोडे थोडे पाणी घालून पातळी पूर्ववत करावी. हे पाणी कोमट असल्यास उत्तम.

(७) वेग हळूहळू मध्यमापर्यंत वाढवावा, काही सेकंद ठेवावा व पुन्हा कमी करावा. असे चार-पाच वेळा केल्याने कोपऱ्यातील फुगे प्रवाहाबरोबर निघून येतात. बुडबुडे थांबले व पातळी स्थिर झाली, की झाकण नीट बसवावे, बाटली खुणेपर्यंत भरावी आणि एंजिन बंद करावे.

(८) एंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे व दुसऱ्या दिवशी सकाळी, चालू करण्यापूर्वी, पातळी पाहावी. ती थोडी उतरलेली असणे साहजिक आहे. तेवढे पाणी भरावे. असे दोन-तीन दिवस करावे. त्यानंतर पातळी कायम राहिल्यास हवा पूर्णपणे गेली असे समजावे.

थर्मोस्टॅट नवा बसविताना त्याच्या कडेवरील लहान छिद्राकडे किंवा छिद्रातील हलत्या खिळीकडे लक्ष द्यावे. थर्मोस्टॅट मिटलेला असताना हवा जावी म्हणूनच ती सोय केलेली असते. थर्मोस्टॅट उभा बसत असेल, तर हे छिद्र सर्वांत वर यावे. ते खाली गेल्यास हवा वरच्या कोपऱ्यात अडकून राहते.

टाकीच्या पाण्यावर चालणारी एंजिने

विहिरीवरील काही डिझेल एंजिनांना रेडिएटर व पंप नसतो; शेजारी पाण्याची टाकी अगर पिंप असते आणि गरम पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, थंड पाणी खालून आत येते. येथे प्रवाहाचा जोर अगदी थोडा असल्यामुळे लहानसा फुगाही तो बंद पाडतो. टाकीतील पाणी वरच्या नळीच्या तोंडाच्या वर असलेच पाहिजे. ते खाली गेले, तर टाकीत पुष्कळ पाणी असूनही फिरणे थांबते. तसेच एंजिनकडून टाकीकडे जाणारी वरची नळी सर्वत्र चढती असावी. मध्ये कमान किंवा बाक असल्यास हवा त्या कमानीत बसते. अशा एंजिनात हवा काढण्याचा उपाय म्हणजे नळीची चढण सुधारणे व पातळी राखणे हाच.

हवा निघूनही बुडबुडे येत असल्यास

वरील रीतीने दोनदा काम करूनही बुडबुडे थांबत नसतील, तर ते अडकलेल्या हवेचे नव्हेत. थंड एंजिन चालू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणे व वेग वाढविताच ते वाढणे, एंजिन तापण्यापूर्वीच नळ्या ताठ होणे, तेलाचा रंग दुधासारखा पांढुरका होणे, गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहणे, यांपैकी काही आढळल्यास हेडचे गॅस्केट फुटले आहे अथवा हेडला तडा गेला आहे असे समजावे. सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत असता कितीही वेळा हवा काढली, तरी ती पुन्हा भरणारच. अशा स्थितीत ट्रॅक्टर कामास न लावता जाणत्या कारागिराकडे न्यावा. गॅस्केट वेळीच बदलण्याचा खर्च हा नवे हेड अगर नवे सिलिंडर बसविण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

शेतात एंजिन तापल्यास

काटा चढू लागताच औजार वर उचलून भार काढावा. पंख्याचा पट्टा शाबूत असेल व पाणी वाहून गेले नसेल, तर एंजिन काही मिनिटे मंद गतीवर चालू ठेवावे, म्हणजे पाणी फिरत राहून उष्णता सगळीकडून सारखी उतरते. पट्टा तुटला असल्यास, पाणी निघून गेले असल्यास किंवा काटा उतरत नसल्यास मात्र एंजिन ताबडतोब बंद करावे. तापलेल्या एंजिनात गार पाणी ओतणे हा सर्वांत घातक प्रकार होय. तापलेले लोखंड एकाएकी आकसते आणि हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो. अर्धा-पाऊण तास थांबल्याने जेवढे काम बुडते, त्याच्या कितीतरी पट नुकसान त्या एका बादलीने होते.

तापण्यास कंटाळून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी आढळते. ती त्याज्य आहे. थर्मोस्टॅट नसल्यास एंजिन योग्य उष्णतेस पोचण्यास फार वेळ लागतो, डिझेल अधिक जळते, तेलात गाळ धरतो व सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय काही एंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आखूड वाट बंद करीत असतो. तो काढल्यावर ती वाट कायमची उघडी राहते, बरेचसे पाणी रेडिएटरकडे न जाताच परत फिरते आणि एंजिन उलट अधिक तापते. थर्मोस्टॅटचा संशय असल्यास तो काढून पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगावा व पाणी तापवावे. उकळी येण्यापूर्वी तो उघडला व थंड झाल्यावर मिटला, तर तो चांगला आहे. न उघडल्यास त्याच मापाचा नवा बसवावा.

पाणी कोणते वापरावे

दख्खनच्या पठारावरील पुष्कळ विहिरींचे व विंधन-विहिरींचे पाणी जड आहे. अशा पाण्याने भांड्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो एंजिनच्या पोकळ्यांत व रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. हा थर उष्णता अडवितो आणि बारीक वाटांत हवेचे फुगे अडकवून ठेवतो. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी, अथवा ते न मिळाल्यास स्वच्छ गाळलेले पावसाचे पाणी वापरणे चांगले. पावसाळ्यात पत्र्यावरील पहिल्या दोन सरींचे पाणी सोडून नंतरचे पाणी दोन डब्यांत साठवून ठेवल्यास ट्रॅक्टरची वर्षाची गरज सहज भागते.

कूलंट म्हणून जे रंगीत द्रव्य मिळते, ते उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. महाराष्ट्रात पाणी गोठण्याचे भय फारसे नसले, तरी या द्रव्याचे दुसरे गुण मोलाचे आहेत : ते गंज रोखते आणि मिश्रणाचा उत्कलनबिंदू वाढविते. ग्लायकॉल व पाणी निम्मे निम्मे घेतल्यास मिश्रण साध्या दाबाखाली सुमारे १०७ अंशांवर उकळते. निरनिराळ्या जातींची कूलंटे एकमेकांत मिसळू नयेत.

मात्र हे द्रव्य विषारी आहे, हे कधीही विसरू नये. ग्लायकॉलची चव गोड असल्यामुळे कुत्री, वासरे व लहान मुले ते पिण्याचा संभव असतो; आणि थोड्या प्रमाणातही ते मूत्रपिंडे निकामी करून प्राणघातक ठरते. रेडिएटरमधून काढलेले कूलंट गोठ्याजवळ, पाणवठ्याजवळ किंवा अंगणात सोडू नये. ते झाकणाच्या डब्यात धरावे आणि त्या डब्यावर खूण करून तो मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा. पिण्याच्या पाण्याची अगर शीतपेयाची बाटली यासाठी कधीही वापरू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

औजारांची भाड्याने देवघेव करणाऱ्या गटांत एकच ट्रॅक्टर अनेक चालकांच्या हातून जातो. एकाने पाणी काढले, दुसऱ्याने भरले, तिसऱ्याने नांगरास जुंपला, असे होते आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाही. अशा ट्रॅक्टरसाठी एक लहान वही ठेवावी. तिच्यात पाणी केव्हा बदलले, हवा केव्हा काढली व रोज सकाळी पातळी काय होती, एवढे तीनच रकाने असावेत. पातळी रोज उतरत असल्याचे वहीवरून ध्यानात आले, तर बिघाड आठवडाभर आधी कळतो.

हवा काढण्याचे प्रात्यक्षिक खरिपाची धांदल सुरू होण्यापूर्वी, वैशाखात, गावातीलच एखाद्या ट्रॅक्टरवर करून दाखवावे. थर्मोस्टॅट उघडताच पाणी कसे खाली जाते, हे चालकांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले म्हणजे ते पुन्हा सांगावे लागत नाही. त्याच प्रसंगी गरम रेडिएटरचे झाकण न उघडण्याची सूचना प्रत्येकाकडून वदवून घ्यावी.

सारांश, थंड एंजिन, चढावर तोंड, बारीक धार, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत धीर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळीची तपासणी, या पाच गोष्टी सांभाळल्या असता पाण्यात कोंडलेली हवा ट्रॅक्टर बंद पाडू शकत नाही. वैशाखातील एका सकाळचे हे काम पुढे मृगाच्या वाफशावर पेरणी वेळेत उरकून देते.